मोटारीची पुढची कांच

सूर्यास्ताला अर्धा तास उरला म्हणजे विलेपार्ल्याहून जुहूकडे येणाऱ्या रस्त्यांवर एक नेहमींचें दृश्य दिसतें. समोर समुद्र असतो, परंतु तो दिसत नाहीं. त्याच्यावर टेकूं पाहणारा सूर्य थेट मोटारीच्या पुढच्या कांचेंत शिरलेला असतो. स्टिअरिंग धरलेला गृहस्थ एक हात कपाळाशीं नेतो, डोळे बारीक करतो, आणि पुढच्या गाडीच्या मागील तांबड्या दिव्याचा कसाबसा माग काढीत राहतो. मुंबईच्या अक्षांशावर मावळता सूर्य वर्षभरांत ठीक पश्चिमेपासून सुमारें २५ अंश उत्तरेस व तितकाच दक्षिणेस सरकतो. त्यामुळें पश्चिमेकडे जाणारा जवळजवळ कोणताहि रस्ता घेतला, तरी त्याच्या वाट्याला वर्षांतून कांहीं दिवस असे येतातच, कीं सूर्य बरोबर रस्त्याच्या टोकाशीं येऊन बसतो. आणि जुहू हें तर पश्चिमेच्या काठावरच वसलेलें गांव!

अशा एखाद्या संध्याकाळीं त्रासून घरीं परतलेल्या कुटुंबांत कोणता संवाद होत असेल, तो कल्पिणें कठीण नाहीं.

मुलगा म्हणतो, "बाबा, पुढच्या कांचेला काळी फिल्म लावून घेऊं या. रोज संध्याकाळीं पार्ल्याहून येतांना तुमच्या डोळ्यांचे हाल होतात."

बाबा म्हणतात, "अरे, पण वाटेंत पोलीस धरतील त्याचें काय?"

"दुकानदार म्हणतो, सत्तर टक्क्यांची फिल्म आहे, कायद्यांत बसते."

यावर सूनबाई चहाचे कप उचलतां उचलतां विचारतात, "सत्तर टक्के म्हणजे कशाचे सत्तर टक्के?"

प्रश्न वरवर पाहतां किरकोळ आहे. परंतु फिल्मचे दुकानदार, मोटारीचे मालक आणि क्वचित् पोलीससुद्धां ज्या ठिकाणीं गोंधळतात, तें ठिकाण नेमकें हेंच. त्याचें उत्तर पाहण्यापूर्वीं मात्र काळ्या कांचेची बाजू न्यायानें ऐकून घेतली पाहिजे. कारण ती बाजू केवळ डौलाची आहे असें समजणें चुकीचें होईल.

पहिली गोष्ट उष्णतेची. सूर्याकडून जमिनीवर जी शक्ति येते, तिचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या, म्हणजे अवरक्त किरणांचा असतो. सुमारें चार दशांश भाग दिसणाऱ्या प्रकाशाचा. आणि उरलेले थोडे टक्के जांभळ्यापलीकडच्या, म्हणजे अतिनील किरणांचे. हें ऊन कांचेंतून आंत शिरतें, आसनें आणि डॅशबोर्ड तापवितें, आणि तापलेल्या वस्तूंतून परत निघणारी उष्णता कांचेला ओलांडतां येत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत जुहूच्या उघड्या वाळूलगत दोन तास उभी केलेली मोटार दार उघडतांच भट्टीसारखी कां फुंकारते, याचें कारण हेंच. पुढची कांच ही साऱ्या मोटारींतली सर्वांत मोठी आणि सर्वांत आडवी झुकलेली कांच. तेव्हां उन्हाचा मोठा वाटा तिच्यांतूनच येतो. हा वाटा कमी झाला तर थंड हवेचें यंत्र कमी चालेल, पेट्रोल वांचेल, हें म्हणणें खोटें नाहीं.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. कांहीं त्वचारोगांत सूर्यकिरण हें औषधाच्या उलट काम करतात. अशा रोग्याला दिवसां प्रवास करणें म्हणजे शिक्षाच. तिसरी गोष्ट खासगीपणाची. जुहूंत सिनेमांतील नटनट्यांचीं घरें आहेत. तांबड्या दिव्याशीं मोटार थांबली कीं कांचेला नाक लावून आंत पाहणारे लोक गोळा होतात. नटाला ही किंमत मोजावी लागते असें म्हणून तो विषय सोडून देतां येईल. परंतु रात्रीं उशिरां एकटी घरीं परतणारी स्त्री आपण एकटी आहों हें साऱ्या रस्त्याला कळूं नये अशी इच्छा करते, तेव्हां तिला कोण हंसेल?

असे हे मुद्दे आहेत, आणि ते खरे आहेत. आतां सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळूं.

आपल्याकडे १९८९ सालचे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. त्यांतील १०० व्या नियमानें असें ठरविलें आहे, कीं पुढच्या व मागच्या कांचेंतून दिसणाऱ्या प्रकाशापैकीं निदान ७० टक्के, आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हे ७० टक्के फिल्मचे नव्हेत. चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जें कांहीं उभें आहे त्या सगळ्याचे आहेत. इथेंच हिशेब चुकतो. अगदीं स्वच्छ, निर्मळ कांचसुद्धां सगळा प्रकाश आंत सोडीत नाहीं. तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रत्येकीं सुमारें चार टक्के प्रकाश परतून जातो, म्हणजे आठ टक्के तेथेंच गेले. शिवाय हल्लींच्या पुष्कळ मोटारींच्या पुढच्या कांचेंत कारखान्यांतच किंचित् हिरवट झांक दिलेली असते. अशी कांच ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडते. समजा ७८. आतां हिच्यावर दुकानदाराची "सत्तर टक्क्यांची" फिल्म चिकटविली. दोन्ही संख्यांची बेरीज-वजाबाकी होत नसते, गुणाकार होतो. ७८ चे ७० टक्के म्हणजे साडेचौपन्न! कायद्यानें मागितलेल्या सत्तरांतून पंधरा-सोळा टक्के एका झटक्यांत नाहींसे झाले, आणि दुकानदार तर एक शब्दहि खोटें बोलला नाहीं. त्या कांचेवर कायद्यांत बसेल अशी फिल्म शोधायची, तर ती स्वतः ९० टक्के प्रकाश सोडणारी हवी. आणि नव्वद टक्के प्रकाश सोडणारी फिल्म मावळत्या सूर्यापुढें काय अडविणार? चाळणीनें पाणी भरण्यासारखाच तो प्रकार.

कायद्याच्या इतिहासांत याहून पुढचाहि एक टप्पा आहे. एका नागरिकाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ रोजीं निकाल दिला. नियमांतील टक्केवारी ही कारखान्यांत घडविलेल्या कांचेची आहे, मागाहून चिकटविलेल्या कशाचीहि नाहीं; सबब कितीहि टक्क्यांची असो, कोणतीहि काळी फिल्म कांचेवर लावतां येणार नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. त्याची अंमलबजावणी ४ मे २०१२ पासून करण्यास सांगितलें होतें, आणि त्यानंतर मोटारींच्या कांचांवरून फिल्म सोलून काढण्याचें काम देशभर पोलिसांनीं रस्त्यांत उभें राहून केलें. काळ्या कांचेआड गुन्हे होतात हा त्या निकालामागचा एक मोठा विचार होता. त्याच वर्षीं डिसेंबरांत दिल्लींत ज्या बसमध्यें तो भयंकर अत्याचार घडला, तिच्याहि कांचा काळ्या होत्या आणि आंतून पडदे ओढलेले होते. ज्या कांचेआड एकट्या स्त्रीला सुरक्षित वाटतें, त्याच कांचेआड तिचा आक्रोश बाहेर दिसत नाहीं. खासगीपणाच्या मुद्द्याची ही दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं.

पुढें नियमच थोडा बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नुसत्या सुरक्षित कांचेऐवजीं प्लॅस्टिकचा थर असलेल्या सुरक्षित आवरणालाहि नियमांत जागा मिळाली. टक्केवारी मात्र सत्तर आणि पन्नास अशीच राहिली. याच्या आधारें केरळच्या उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें असें म्हटलें, कीं टक्केवारी पाळणारी व ठरलेल्या मानकांत बसणारी फिल्म असेल तर दंड करतां येणार नाहीं. हा निर्णय वाचून मुंबईंतील पुष्कळ मोटारमालकांना हर्ष झाला. परंतु एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या राज्याला बांधून ठेवीत नाहीं. आणि ठेवला असता तरी वरचा गुणाकार कोणत्याच न्यायालयाला टाळतां येत नाहीं. दंडाची रक्कम पाहिली तर ती पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या खेपेस १५०० रुपयांपर्यंत आहे. ज्याला फिल्मसाठीं हजारों रुपये मोजतां येतात, त्याला ती कितपत बोंचेल हा प्रश्नच आहे.

हा सत्तरांचा आंकडा आपल्याच देशानें हट्टानें काढलेला आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त सरकारच्या नियमांत तोच आंकडा आहे. इंग्लंडांत १९८५ नंतरच्या मोटारींच्या पुढच्या कांचेला ७५ टक्क्यांची अट आहे. आणि हे देश असे, कीं जेथें उन्हासाठीं लोक उद्यानांत जाऊन पडतात. मग उन्हानें भाजून निघणाऱ्या मुंबईला थोडी सवलत नको का, असें कोणी विचारील. परंतु नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें दुपार नसते, रात्र असते.

रात्रीचा विचार करूं लागलों, कीं मोटारीच्या कांचेवरून माणसाच्या डोळ्यावर यावें लागतें. डोळ्याची बाहुली उजेडांत आक्रसून दोन मिलिमीटरपर्यंत लहान होते आणि अंधारांत तरुण माणसांत सात-आठ मिलिमीटरपर्यंत पसरते. परंतु वयाबरोबर तिचें हें पसरणें कमी होत जातें, आणि आंतील भिंगहि पिवळसर व धुकट होऊं लागतें. विशीच्या तरुणाच्या नेत्रपटलावर जितका प्रकाश पोंचतो, त्याचा सुमारें तिसरा हिस्साच साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर पोंचतो. याचा अर्थ असा, कीं वरच्या कुटुंबांतील बाबांच्या डोळ्यांत निसर्गानें आपल्या हातानें एक काळी फिल्म आधींच बसवून ठेवली आहे! तिच्यावर मुलगा मायेनें दुसरी बसवूं पाहतो. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्यांनाच त्या कांचेंतून सर्वांत कमी दिसणार. चाळिशीच्या मुलाला ती कांच रात्रीं चालवून पाहतां "बरी दिसते" असें वाटेल, आणि तो प्रामाणिकपणें तसें सांगेलहि. परंतु त्याच्या डोळ्यांनीं बाबांच्या डोळ्यांची परीक्षा होत नाहीं.

दुसरें असें, कीं चकाकी वेगळी आणि अंधार वेगळा. चकाकीनें डोळा दिपतो. पण काय नाहीं दिसलें याची जाणीव असते, आणि माणूस वेग कमी करतो. अंधुक कांचेचा धोका उलट आहे. तिच्यांतून दिवे दिसतात, पाट्या दिसतात, दुसऱ्या मोटारी दिसतात. जें जें स्वतः उजळ आहे तें सगळें दिसतें. नाहींसें होतें तें फक्त काळ्या डांबरावर काळ्या कपड्यांत चालणारें माणूस. जुहूच्या चौपाटीवरून रात्रीं नऊच्या सुमारास बाहेर पडणारी गर्दी डोळ्यांपुढें आणावी. भेळ खाऊन निघालेलीं कुटुंबें, वाळूनें भरलेल्या चपला हातांत घेतलेलीं मुलें, फुगेवाले, रस्त्याच्या मधोमध थबकून मागें राहिलेल्यांना हांक मारणारी आजी. हीं माणसें दिव्यासारखीं लखलखत नाहींत. त्यांच्यावर पडून परतणारा जो थोडासा प्रकाश, त्याच्यावरच त्यांचें दिसणें अवलंबून; आणि त्या थोडक्यांतूनच आपण निम्म्याच्या जवळपास वजा करायचा!

या बाबतींत इतिहासानें एक कठोर प्रयोग करून ठेविला आहे. १९३९ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत युद्धामुळें रात्रीचा अंधार सक्तीचा झाला. रस्त्यांवरील दिवे विझले, मोटारींचे दिवे झांकले गेले. शत्रूच्या बाँबनें तेथें अजून कोणी मेलें नव्हतें, परंतु त्या एका महिन्यांत रस्त्यांवरील अपघाती मृत्यु आदल्या वर्षींच्या त्याच महिन्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. रस्ते तेच, मोटारी त्याच, चालविणारेहि तेच. उणा झाला होता तो केवळ उजेड.

मुंबईच्या पावसाळ्याविषयीं निराळें सांगायला नको. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद होते. ओला रस्ता समोरून येणाऱ्या दिव्यांचे लांबच लांब पट्टे काढतो, कांचेवर आंतून वाफ धरते, वायपर फिरत असतो. अशा वेळीं तीक्ष्ण डोळ्याच्या माणसालाहि रस्त्याची कडा सांपडत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं तर याच सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यानें वेढलेल्या मोटारींत अडकून कांहीं माणसें दगावली. त्या आठवणीनें आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. बाजूच्या दाराची कांच अशा रीतीनें तापवून केलेली असते, कीं फुटली तर तिचे बारीक बोथट कण होऊन गळून पडावेत आणि माणसाला बाहेर पडतां यावें. तिच्यावर जाड फिल्म चिकटविली म्हणजे ते कण फिल्मला धरून राहतात. चोरापासून हें संरक्षण आहे खरें. पण आंत अडकलेल्यालाहि तोच अडसर.

पुढच्या कांचेची घडण मात्र याहून वेगळी आहे, आणि तिची कथा मोठी मनोरंजक आहे. १९०३ सालीं फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून कांचेचें एक भांडें खालीं पडलें. तें तडकलें, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं पूर्वीं त्यांत ठेवलेलें सेल्युलोजचें द्रावण सुकून आंतून पातळ पापुद्रा धरला होता आणि त्यानेंच तुकडे धरून ठेवले होते. दोन कांचांच्या मध्यें असा पापुद्रा घालून त्यानें १९०९ सालीं पेटंट घेतलें. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना ही कांच लागली. मोटारींना ती पुढें लागली. आजच्या मोटारीची पुढची कांच हीच होय: दोन कांचा, आणि मध्यें प्लॅस्टिकचा पारदर्शक थर. हा मधला थर नुसते तुकडेच धरून ठेवीत नाहीं. अतिनील किरण तो जवळजवळ सगळेच अडवितो. म्हणजे त्वचारोग्यासाठीं पुढच्या कांचेवर फिल्म लावणें बहुतांशीं निरर्थक आहे. तें काम कारखान्यानें आधींच केलेलें आहे. त्याला त्रास होतो तो बाजूच्या कांचेंतून, कारण तिच्यांत असा थर बहुधा नसतो. प्रकृतीचा मुद्दा खरा, पण त्याचा पत्ता चुकलेला, असें म्हणावें लागेल.

उष्णतेच्या मुद्द्यांतहि अशीच एक गफलत आहे. काळेपणा म्हणजे थंडपणा, असें आपण गृहीत धरतों. परंतु साधी रंगवलेली फिल्म दिसणारा प्रकाश शोषून घेते आणि स्वतः तापते. त्या तापाचा कांहीं भाग पुन्हां आंतच येतो. उष्णतेचा मोठा वाटा तर न दिसणाऱ्या किरणांचा, आणि ते अडविण्यासाठीं कांच काळी असण्याची गरजच नाहीं. अवरक्त किरण परतविणाऱ्या अतिशय पातळ धातूचा थर दिलेल्या कांचा कारखान्यांत तयार होतात. त्या डोळ्यांना स्वच्छ दिसतात आणि तरीहि उन्हाचा दाह उणा करतात. त्यांतहि एक खोंच आहेच. धातूचा थर रेडिओच्या लहरींनाहि अडवितो. टोलनाक्यावर आपोआप पैसे वळते करणारी जी फास्टॅगची चिठ्ठी आपण पुढच्या कांचेवर आंतून लावतों, ती अशा कांचेआड मुकी होण्याचा संभव असतो. म्हणून कारखानदार कांचेचा एक तुकडा धातूविना मोकळा ठेवतात. बाजारांतली धातूमिश्रित फिल्म लावणारा कारागीर तो ठेवीलच असें नाहीं.

आतां मावळत्या सूर्याचें काय? मूळ दुखणें तर तेंच. येथें जुहूच्याच एका जुन्या संस्थेची आठवण होते. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचें विमान घेऊन अहमदाबादमार्गें येथेंच उतरले. वैमानिकाइतका उघड्या सूर्याशीं सामना कोणाला पडतो? परंतु वैमानिकानें काय केलें? विमानाच्या पुढच्या कांचेला काळें फांसलें नाहीं. स्वतःच्या डोळ्यांवर काळा चष्मा घातला. दोहोंतला भेद मोठा आहे. चष्मा क्षणांत काढतां येतो.

या "काढतां येण्याचें" महत्त्व जुहूकरांना हल्लीं रोजच पटण्यासारखें आहे. वांद्रे-वरळीचा सागरी सेतु ओलांडून किनाऱ्याच्या नव्या रस्त्यानें दक्षिण मुंबईस निघालें, कीं २०२४ सालीं खुला झालेला सुमारें दोन किलोमीटरांचा बोगदा लागतो. बाहेर समुद्रावरचें लखलखीत ऊन, आणि पुढच्या क्षणीं बोगदा. डोळ्याची बाहुली उजेडांत झटकन् मिटते, पण अंधारांत सावकाश उघडते. अंधाराला पुरता सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटें लागतात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दर सेकंदास सोळा-सतरा मीटर पुढें सरकते. चष्मा लावलेल्यानें तो बोगद्याच्या तोंडाशीं कपाळावर सरकविला कीं झालें. फिल्म लावलेल्यानें काय करावें?

चष्मा निवडतांनाहि थोडा विवेक हवा. बर्फाळ पर्वतांवर वापरायचे अतिगडद चष्मे मोटार चालवितांना वर्ज्य आहेत. त्याखेरीज छताला टांगलेली खालीं ओढायची झडप असतेच, आणि आपल्याकडचे निम्मे लोक तिचा उपयोग पलीकडच्या आरशांत भांग पाडण्यापुरताच करतात. पुष्कळ कांचांना वरच्या कडेला कारखान्यांतच गडद पट्टा दिलेला असतो. त्याच्या आड सूर्य ठेवायचा तर आसन थोडें वरखालीं करावें लागतें, पण तेवढा त्रास कोण घेतो! गाडी उन्हांत उभी करायची असेल तेव्हां कांचेच्या आंतून चकचकीत पुठ्ठ्याचा पडदा उभा करावा. मोटार उभी असतांना काळोख झाला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

रस्त्यावरील दुसऱ्या माणसाचा विचार मात्र या हिशेबांत क्वचितच होतो. शाळेंतल्या मुलांना रस्ता ओलांडण्याचे नियम शिकवितांना उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, एवढें सांगतात. प्रत्यक्षांत मुंबईचा पादचारी आणखी एक गोष्ट करतो: तो मोटार चालविणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. आपल्याला त्यानें पाहिलें आहे का, तो थांबणार आहे का, कीं मोबाइलवर बोलण्यांत गुंतला आहे, हें त्या एका नजरेंत कळतें. कधीं हाताची खूण होते, कधीं नुसती मान हलते, आणि दोन अनोळखी माणसांमध्यें क्षणभराचा करार होऊन जातो. जुहूसारख्या ठिकाणीं, जेथें पट्ट्यांपेक्षां आणि दिव्यांपेक्षां या नजरेवरच रस्ता अधिक चालतो, तेथें पुढची कांच काळी करणें म्हणजे हा करार एका बाजूनें मोडणें होय. सायकलवाला, दुचाकीवाला, हातगाडीवाला, सगळेच या नजरेवर विसंबून असतात. त्यांच्या बाजूनें विचार केला, तर काळ्या कांचेच्या मोटारींत माणूस नसतोच. असतें तें एक लोखंड, जें थांबेल किंवा थांबणार नाहीं.

म्हणून बाजूच्या मागील कांचांविषयीं मतभेदाला जागा आहे. तेथें झोंपलेलें तान्हें मूल आहे, आजारी माणूस आहे. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेंत राहून कारखान्यांतूनच तशी कांच घेतली तर कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. पुढच्या कांचेविषयीं मात्र पारडें स्पष्टपणें एका बाजूला झुकतें. तिच्यावरच्या फिल्मनें जो लाभ होतो तो आंत बसलेल्याला, दिवसां, आणि दुसऱ्या उपायांनीं मिळण्यासारखा. जी हानि होते ती बाहेर चालणाऱ्याची, रात्रीं, आणि भरून न येणारी.

त्या कुटुंबाकडे पुन्हां एकदां वळूं. समजा, सूनबाईंच्या प्रश्नामुळें दुकानाची फेरी त्या दिवसापुरती रहित झाली. रविवारीं सकाळीं बाबा सवयीनें मोटार पुसायला खालीं उतरले. बाहेरून कांच रोजच धुतली जाते. खारी हवा आहे, न धुवून भागत नाहीं. पण आंतल्या बाजूला कित्येक महिन्यांत कोणाचा हात लागलेला नाहीं. नव्या प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डांतून उन्हानें निघणारी वाफ, श्वासाची ओल, धूळ, उदबत्तीचा धूर, या सगळ्यांचा एक तेलकट पापुद्रा आंतून धरलेला असतो. दुपारीं तो दिसत नाहीं. समोरून सूर्य आला किंवा दिव्याचा झोत आला, कीं त्याच्या कणाकणावर प्रकाश विखुरतो आणि सारी कांच पांढरी होऊन जाते. डोळ्यांना जो सूर्य वाटत होता, त्यांतला बराचसा हा पापुद्रा होता. बाबांनीं थोडें साबणाचें पाणी लावलें, जुन्या वर्तमानपत्राचा बोळा केला, आणि आंतून कांच घांसायला सुरुवात केली. पहिला बोळा काळा झाला, दुसराहि काळा झाला. तिसरा बोळा जवळजवळ स्वच्छ निघाला, तेव्हां वायपरच्या जुन्या रबरानें बाहेरून ओढलेले बारीक ओरखडे दिसूं लागले. त्यांनीं मुलाला हांक मारून सांगितलें, "फिल्मचें राहूं दे, येतांना वायपरचीं दोन नवीं पातीं घेऊन ये."